देवळीतली कपबशी

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरच्या मालकिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं सांगितलं, दीड महिना उठबस कमी. तेव्हापासून सकाळची कॉफी माझ्याकडे आली. त्याआधीची अडतीस वर्षं मी चार वाजता उठायचो, चूळ भरायचो, सपरीत बसायचो आणि कप हातात यायचा. तो कप कुठून यायचा हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि पाहणं वेगळं.

पहिल्या दिवशी दूध उतू गेलं. दुसऱ्या दिवशी जायफळ जास्त झालं. तिसऱ्या दिवशी जमली. दोन कप भरले अन् साखरेच्या डब्यापाशी हात थांबला. हिला साखर किती लागते? आमच्या गावात बैल पाहायला येणारा व्यापारी दोन चमचे घेतो हे मला ठाऊक. तलाठी साखरेविना पितो हे ठाऊक. सोयरे, इवाई, जावई, सगळ्यांचं ठाऊक. मी खोलीत जाऊन विचारलं, "तुले साखर किती टाकू?"

ती हसली. म्हणाली, "बाप्पा! आता इचारून राह्यले!"

पण खरी गोष्ट पुढंच आहे. आठ-दहा दिवस ती मुकाट्यानं कॉफी प्याली. मग एक दिवस म्हणाली, "उद्या जमलं त मले च्या मांडा. मले कॉफी नाही आवडत." मी म्हटलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? तिनं सांगितलं, "हाताले आयतं भेटून राह्यलं, त्यात खोट कुठं काढू?"

तिच्या लेखी विषय संपला. माझ्या लेखी मात्र सुरू झाला. सकाळी चार ते साडेपाच हा वेळ फार वाईट असतो. वावरात जायला उजेड नसतो, अन् झोपही येत नाही. हातात गरम कप असतो आणि डोक्यात जुनं-पुराणं येत राहतं. या दीड तासात मला आमच्या कोठ्यातली एक कपबशी आठवायला लागली. तिच्याविषयी मी आजवर कुठं बोललो नाही.

आधी आमच्या घरात कॉफी आली कशी ते सांगतो, कारण काटोलकडच्या कुणब्याच्या घरात पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी कॉफी म्हणजे नवलच. आमच्या भागात सकाळी चहा, तोही बऱ्याच घरी गुळाचा. साखर रेशनवर. कॉफी ही आजारी माणसाला किंवा मोठ्या पाहुण्याला. आमच्या बापाची संत्र्याची चारशे झाडं होती. मृग बहाराची असो की आंब्या बहाराची, फळं निघाली की तो नागपूरच्या संत्रा मार्केटला जायचा. तिथला अडत्या त्याला बसायला गादी द्यायचा अन् कॉफी पाजायचा. भाव पाडून घ्यायचा असला की दोनदा पाजायचा, असं बाप स्वतःच सांगे. पण चव लागली ती लागलीच. सीताबर्डीवरून तो पुडीनं कॉफी आणायला लागला. चिकोरी मिसळलेली, काळसर, वासाची. ती पत्र्याच्या डब्यात, डबा कपाटात, कपाटाची किल्ली मायच्या कमरेला.

कॉफी तिकडं दक्षिणेत पिकते, हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. बाबा बुदन नावाच्या साधूनं अरबस्तानातून सात बिया लपवून आणल्या अन् चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा आहे. आपल्या विदर्भातही ती पिकते हे मात्र मला फार उशिरा कळलं. चिखलदऱ्याला, मेळघाटात, सुमारे 1,100 मीटर उंचीवर इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडं आहेत. मी पाहून आलो. दाट सावलीत वाढतात. आमच्या संत्र्याला जशी मुळाशी पाण्याची अन् वर उन्हाची चिंता, तशी तिला सावलीची. असो.

तर घरात सकाळी जे शिजायचं त्याच्या पायऱ्या होत्या. पहिली कॉफी बापाची. पूर्ण दुधाची, जायफळ किसून घातलेली, फडक्यातून गाळलेली. घरात अडत्या, थानेदार, मास्तर कुणी आलं तर त्याचीही तीच. दुसरा चहा, दुधाचा, मोठा काका अन् आम्ही पोरं. तिसरा त्याच गंजातल्या पत्तीवर पुन्हा पाणी टाकून उकळलेला, तो माय, काकू अन् आत्या. चौथा काळा चहा, गुळाचा, बिनदुधाचा. तो सालदाराचा.

गंज एकच अन् चूलही एकच. तुराट्यांचा जाळ सगळ्यांना सारखाच लागत होता.

आमचा सालदार बौद्ध होता. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याची नातवंडं शिकली, नोकऱ्यांना लागली, त्यांच्या आज्याचं नाव अशा गोष्टीत छापून यावं असं त्यांना वाटेल की नाही मला माहीत नाही. गुढीपाडव्याला त्याचं साल ठरायचं, काही धान्य अन् काही रोख, अन् पुढच्या पाडव्यापर्यंत तो आमचा. पहाटे आमच्या आधी कोठ्यात हजर. बैलांना वैरण, शेण काढणं, बंडी जुंपणं. मला बैल हाकायला त्यानं शिकवलं. डवरा धरताना हात किती सैल सोडायचा अन् कुठं दाबायचा, हे बापानं नाही, त्यानं सांगितलं. पऱ्हाटीच्या रांगेत डवरा कसा चालवायचा की रोप दुखत नाही, हे तो बोटानं दाखवायचा. मी पुढं चाळीस वर्षं पोट भरलं ते त्या बोटाच्या शिकवणीवर.

कोठ्याच्या भिंतीत आतल्या अंगाला एक देवळी होती. आमच्याकडं भिंतीतल्या कोनाड्याला देवळी म्हणतात. त्या देवळीत एक कपबशी राहायची. कपाला कान नव्हता. बशीवर निळं फूल होतं, अर्धं घासलं गेलेलं. ती कधीकाळी घरातलीच कपबशी होती, कान तुटला म्हणून कोठ्यात गेली. सालदार ती स्वतः धुवायचा, स्वतः देवळीतून काढायचा, खाली जमिनीवर ठेवायचा आणि दोन पावलं मागं सरकायचा. मग मी गंज घेऊन जायचो अन् वरून चहा ओतायचो.

वरून म्हणजे हातभर वरून. गंज कपाला लागला नाही पाहिजे. हे मला कुणी शिकवलं, आठवत नाही. कुणी बसवून सांगितलं नाही एवढं नक्की. मायला पाहून आलं असेल. आठ-नऊ वर्षांचा असताना मला त्याचा अभिमान वाटायचा, की मी इतक्या उंचावरून ओततो अन् एक थेंब बाहेर जात नाही. मी धार मुद्दाम उंच न्यायचो. सालदार म्हणायचा, "वा रे बहाद्दर!" तो खरंच कौतुक करायचा की आणखी काही, ते आता विचारायला तो नाही.

हे साल 1970 च्या आसपासचं. संविधानानं अस्पृश्यता बंद केली होती, कलम 17. शिवाय 1955 साली वेगळा कायदा होऊन ती गुन्हा ठरली होती. आमच्यापासून साठेक किलोमीटरवर, नागपूरला, 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली होती, अन् त्या लाखोंत आमच्या सालदाराचा बाप होता. महाडला चवदार तळ्याचं पाणी पिऊन दाखवलं त्यालाही, 1927 पासून धरलं तर, त्रेचाळीस वर्षं झाली होती. इतकं सगळं होऊनही आमच्या देवळीत ती कपबशी होती. आम्ही काही दुष्ट लोक नव्हतो. हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते, कारण सगळेच असं म्हणतात, पण ते खरंही आहे. बहात्तरच्या दुष्काळात गावात लाल मिलो खाऊन लोक दिवस काढत होते, तेव्हा बापानं आपल्या कणगीतली ज्वारी सालदाराच्या घरी नेऊन टाकली होती. त्याची बायको बाळंतपणात अडली तेव्हा रात्री बंडी जुंपून काटोलच्या दवाखान्यात बापानंच नेली. बंडीत ती अंगाला अंग लागून बसली असेल, तेव्हा काही बाटलं नाही. सकाळी कप मात्र वेगळा.

एक दसरा आठवतो. सालदार दोन दिवसांची रजा घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता. परत आला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी गंज घेऊन कोठ्यात गेलो, तर कपबशी देवळीतच पालथी ठेवलेली. जमिनीवर एक नवाकोरा स्टीलचा गिलास. तेव्हा स्टील फार कुणाकडं नव्हतं, आमच्याकडंही पितळ जास्त. मी पाहतच राहिलो. तेवढ्यात बाप मागून आला. सालदार उभा राहिला अन् म्हणाला, "आजपासून मी माहा गिलास आणीन, पाटील."

बाप म्हणाला, "बरं हाय."

बस, एवढंच. मला ते "बरं हाय" फार दिवस कळलं नाही. बापाला वाटलं, चला, बरं झालं, याचं भांडं यानं आणलं, आपली कटकट गेली. सालदाराला वाटलं असेल, आता तुमच्या फुटक्या कानाच्या कपात मी पिणार नाही. दोघांनी एकच गिलास पाहिला. एकाला तो सोय वाटला अन् दुसऱ्याला मान. दोघंही समाधानी. अन् मी? मी त्या गिलासातही हातभर वरूनच ओतलं. पण त्या दिवशी धार हलली. थोडा चहा जमिनीवर सांडला अन् सालदार "वा रे बहाद्दर" म्हणाला नाही.

आता प्रश्न असा, अन् तो मी स्वतःलाच विचारतो, दुसऱ्याला नाही. नऊ वर्षांच्या पोराचा दोष किती? गावातला कुणीही म्हणेल, काहीच नाही. रीत होती, पोरानं पाळली. मीही इतकी वर्षं असंच धरून चाललो. पण पहाटे कॉफी पिताना मला दुसरी बाजू दिसते. नवव्या वर्षी दोष नव्हता म्हटलं, तर कितव्या वर्षी लागला? बाराव्या? अठराव्या? रोज तेच करणाऱ्या माणसाला तो दिवस कधी दिसत नाही. पीक पिवळं पडतं तेव्हा कोणत्या सकाळी पडलं हे सांगता येत नाही, तसंच हे.

बापाला मी एकदा विचारलं होतं. नागपूरला काही दिवस मामाकडं राहून आलो होतो, तिथं शाळेत सगळे एकाच नळाचं पाणी पीत. मी म्हटलं, आपण त्याला घरच्या कपात का देत नाही? बाप चिडला नाही. म्हणाला, "त्यानं कदी मांगितलं का?" मला तेव्हा ते उत्तर पटलं. आज कळतं की ते उत्तर फार जुनं आहे. ज्याला मागायची सोय नाही, त्यानं मागितलं नाही म्हणून आपण मोकळे. माझ्या बायकोनं तरी कधी कुठं सांगितलं होतं की तिला कॉफी आवडत नाही? बापाच्या त्या वाक्यावर मीही अडतीस वर्षं कप घेत आलो, फक्त तोंडानं म्हटलं नाही.

काही लोक म्हणतील, नवरा-बायकोचा चहा अन् देवळीतली कपबशी यांना एका पंगतीत बसवू नको. बरोबर आहे. एकात अपमान आहे, दुसऱ्यात फक्त बेपर्वाई. बायको या घरची मालकीण आहे, रागावली तर मला उपाशी ठेवू शकते. सालदार रागावला तर त्याचंच साल जायचं. हा फरक मी विसरत नाही. पण दोन्ही ठिकाणी माझ्या डोळ्यांवरची झापड एकाच कापडाची होती, एवढं मला म्हणायचं आहे.

गांधीजींची एक गोष्ट सांगतात. चहा-कॉफीच्या ते विरुद्ध. आरोग्यावर त्यांनी लिहिलं त्यातही या पेयांबद्दल नापसंती आहे. साबरमतीच्या आश्रमात एक दक्षिणेकडचा पोरगा हगवणीतून उठत होता अन् त्याला कॉफीची फार तलफ आली होती. गांधीजींनी विचारलं तेव्हा त्यानं भीत भीत सांगितलं. थोड्या वेळानं गांधीजी स्वतः हलकी कॉफी करून त्याच्या खाटेपाशी घेऊन आले. अवेळ होती, कस्तुरबांना त्रास नको म्हणून स्वतःच केली, असंही त्या गोष्टीत आहे. मी ही गोष्ट तरुणपणी ऐकली होती, तेव्हा मला त्यात गांधीजींचा मोठेपणा दिसला. आता मला त्यातला विचारायचा भाग मोठा वाटतो. काय पाहिजे, हे त्यांनी त्या पोराला विचारलं. करून देणं त्यामानानं सोपं. मलाही कॉफी आता बरी जमते.

बाप 1994 ला गेला. मी घरचा मालक झालो. मी मालक झाल्यावर ती कपबशी फेकली, सालदाराला सपरीत बोलावून बसवलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. सालदार त्याच्या आधीच थकून घरी बसला होता. त्याच्या मागून सालानं राहणारा कुणी मिळेना, रोजंदारी सुरू झाली. देवळीत कपबशी तशीच होती. तिच्यात आम्ही खिळे ठेवायचो. मग एका पावसाळ्यात कोठ्याची मातीची भिंत बसली, तिथं विटांची बांधली, अन् नव्या भिंतीत देवळी केलीच नाही. कपबशी मातीत गेली असेल. म्हणजे मी काही मोडलं नाही. पावसानं मोडलं. मला कधी ठरवावंच लागलं नाही, अन् जे ठरवावं लागलं नाही त्याचं श्रेय घेता येत नाही. कधी कधी वाटतं, ठरवायची वेळ आली असती तर मी काय केलं असतं? गावात भावकी आहे, माय तेव्हा जिवंत होती. मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मायचंही सांगितलं पाहिजे. बाप गेल्यावर तेरवी झाली, पाहुणे गेले. एका सकाळी मी मायला म्हटलं, डब्यात कॉफी उरली आहे, तू घे. तिनं नको म्हटलं. मी आग्रह केला, कर कधीतरी, चव तर पाहा. तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली अन् म्हणाली, "चव माहीत हाय मले." मग तिनं सांगितलं. तीस वर्षं, बापाची कॉफी फडक्यातून गाळली की त्या चोथ्यावर ती वाटीभर गरम पाणी टाकायची, पिळायची अन् चुलीपाशी उभ्या उभ्या पिऊन टाकायची. कुणी पाहायच्या आत. कधी गुळाचा खडा तोंडात धरून. "पाप केलं का रे मी?" असं तिनं मला विचारलं. खरंच विचारलं, थट्टेनं नाही. आयुष्यभर एकादश्या करणारी, दारी आलेल्याला रिकाम्या हातानं न धाडणारी बाई, किल्ली जिच्या कमरेला, ती फेकून द्यायच्या चोथ्याला चोरी समजत होती. मी म्हटलं, माय, पाप कसलं? तिला ते उत्तर पुरलं असं दिसलं नाही. माणसाला आपला गुन्हा माफ झालेला चालतो, पण तो गुन्हाच नव्हता असं सांगितलं की तीस वर्षं उगाच लपलो असं वाटत असेल.

त्यानंतर मायला मी रोज कॉफी द्यायला सांगितली. ती घ्यायची. पण म्हणायची, तेव्हासारखी लागत नाही.

आता आजचं. आज माझ्या वावरात निंदणाला, कापूस वेचायला बाया येतात. ऑटो भरून येतात, ठेक्यानं काम घेतात, पाण्याच्या बाटल्या आपल्या आणतात. दहा वाजता चहा मी घरून थर्मासमध्ये नेतो. कागदी कप. मी अन् माझा मुलगाही त्याच कागदी कपात पितो. मला वाटायचं, हे फार चांगलं झालं, कुणाचा कप वेगळा नाही. जातीचा प्रश्न कागदानं सोडवला. तमिळनाडूकडं चहाच्या दुकानात दोन तऱ्हेचे पेले ठेवायची रीत होती असं वाचलं होतं. मी मनात म्हणायचो, कागदी कप आला की तो तंटाच मिटतो.

पण गेल्या वर्षी कापूस वेचायच्या दिवसांत पाऊस आला अन् सगळ्या बाया धावत आमच्या घरी आल्या. ओल्या झालेल्या, सपरीत दाटीनं बसलेल्या. बायको आतून म्हणाली, चहा ठेवते. मी पाहिलं तर माझा हात आपोआप कपाटावरच्या कागदी कपांच्या पाकिटाकडं गेला. घरात दोन डझन चिनी मातीचे कप आहेत. मुलीच्या लग्नात घेतलेले, काचेच्या कपाटात मांडलेले. ते कप माझ्या डोक्यातही आले नाहीत. धुवायचा कंटाळा, हे कारण मी स्वतःला लगेच दिलं. कारण खोटं नव्हतं. पण थानेदार आला असता तर धुवायचा कंटाळा केला असता का मी?

देवळी भिंतीतून गेली ती कपाटावर जाऊन बसली होती.

मी दुसऱ्या दिवशी काटोलच्या बाजारातून दोन डझन स्टीलचे गिलास आणले. म्हटलं, आता वावरात हेच, सगळ्यांना, आपल्यालाही. मोठ्या ऐटीत नेले. बायांनी पाहिलं. त्यातली एक वयस्कर, तोंडाची फटकळ, म्हणाली, "भाऊ, हे धुवाचे कोनं?" मी म्हटलं, आपण धुऊ. ती हसली, "आपन म्हंजे आमीच ना?" दुसरी हळूच म्हणाली की तिला तिसरीच्या उष्ट्या गिलासात पिणं चालणार नाही, कागदाचाच बरा. त्यांच्या त्यांच्यातही पायऱ्या होत्या, त्या मला दिसल्या नव्हत्या. आठ दिवसांत कागदी कप परत आले. गिलास घरात पडून आहेत. माझ्या मनाच्या समाधानासाठी मी त्यांच्या कामात आणखी एक काम घालायला निघालो होतो. कुणाला विचारलं होतं का? नाही. पुन्हा नाहीच विचारलं.

या सगळ्याला तीन-चार महिने झाले असतील, तेव्हा आमच्या त्या सालदाराचा नातू घरी आला. नागपूरला चांगल्या नोकरीत आहे. बहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला होता, अन् गावाकडचं आजीचं घर पाहून परत जायचं होतं, म्हणून सकाळी सकाळीच आला. साडेसहा वाजले असतील. मी त्याला सपरीत नाही, आत बसवलं. खुर्ची पुढं केली. तो मला "काकाजी" म्हणाला. आज्याचा विषय निघाला. मी म्हटलं, तुझ्या आज्यानं मला डवरा धरायला शिकवला. तो म्हणाला, "हो, ते सांगत जायचे तुमच्याबद्दल. तुम्ही लहानपणी फार हुशार होते म्हणे." आज्यानं आणखी काय काय सांगितलं असेल, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी आत गेलो. बायको उठायला लागली, मी तिला बस म्हटलं. काचेच्या कपाटातले कप काढले. दूध तापत ठेवलं, जायफळ किसलं, कॉफी केली. हात थोडा कापत होता, वयामुळंही असेल. ट्रे घेऊन बाहेर आलो, त्याच्यासमोर कप ठेवला अन् म्हटलं, "घे बाबू. साखर सांग, कमी-जास्त टाकतो."

तो संकोचला. म्हणाला, "काकाजी, मी चहा-कॉफी काहीच घेत नाही हो. सोडलं. पित्ताचा त्रास होते."

खरं असेल. आजकालच्या पोरांना पित्ताचा त्रास असतोच, माझ्या मुलालाही आहे. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आढी नव्हती. मी दूध देऊ का म्हटलं, तो म्हणाला, नको, पाणी द्या. मी पाणी आणलं. त्यानं ते घेतलं, पूर्ण गिलास प्याला, पत्रिका दिली, लग्नाला यायचं हां म्हणून दोनदा बजावलं, बायकोच्या पाया पडला अन् गाडी सुरू करून गेला.

मी बराच वेळ बसून राहिलो. त्याच्या कपावर साय धरली होती. बायको आतून म्हणाली, "अवं, ते कॉफी अशीच ठेवता का? आना इकडं, मी पिते."

मी म्हटलं, "तुले त आवडत नाही ना?"

"गरम करून आना," ती म्हणाली. "अन् साखर टाकू नका."